मेंदूतला घाणा

डोक्याच्या मागच्या बाजूला, मान जिथे संपते त्याच्या वर, हाताला एक उंचवटा लागतो. कवटीच्या आतूनही साधारण त्याच पातळीवर असाच एक उंचवटा आहे. मेंदूतून बाहेर पडणाऱ्या रक्ताच्या मोठ्या वाटा त्याच्याजवळ एकमेकींना मिळतात. शरीरशास्त्राची जुनी पुस्तके या जागेला ‘टॉर्क्युलर हेरोफिली’ म्हणतात. या लॅटिन नावाचा अर्थ ‘हेरोफिलसचा घाणा’, म्हणजे द्राक्षे किंवा ऑलिव्ह पिळून रस, तेल काढण्याचे यंत्र. प्रत्यक्षात तिथे काहीही पिळले जात नाही. तिथे रक्त येऊन मिळते आणि पुढे जाते, एवढेच. मग संगमाला घाण्याचे नाव कोणी दिले? या एका नावाचा माग काढत गेले की ग्रीक, अरबी, लॅटिन आणि आपली उर्दू एकाच रस्त्यावर भेटतात. आपल्या जलशांतून पूर्वजांच्या विज्ञानाविषयी जे बोलले जाते, त्यातले खरे किती आणि फुगवलेले किती, याचाही हिशोब याच रस्त्यावर होतो.

आधी ही रचना समजून घेऊ. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ १५ टक्के रक्त त्याला लागते. मिनिटाला साधारण पाऊण लिटर. कवटी ही हाडाची बंद पेटी. आत जेवढे रक्त येईल तेवढे बाहेर गेलेच पाहिजे, नाहीतर आतला दाब वाढतो. रक्त आत येते ते मानेतून वर चढणाऱ्या चार धमन्यांतून. बाहेर जाण्याची व्यवस्था वेगळी आहे. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या शिरा एका लांब वाहिनीत रिकाम्या होतात. ही वाहिनी डोक्याच्या मधोमध, कपाळाकडून मागे, भांग पडतो त्या रेषेखालून जाते. मेंदूच्या खोल भागातले रक्त ‘गेलनची मोठी शीर’ गोळा करते आणि एका सरळ वाहिनीतून मागे आणते. दोन्ही वाटा त्या उंचवट्यापाशी भेटतात. तिथून उजवीकडे आणि डावीकडे एकेक फाटा निघतो, कानामागे नागमोडी वळण घेतो आणि कवटीच्या तळाच्या भोकातून गळ्यातल्या मोठ्या शिरेत उतरतो. बहुतेक माणसांत उजवा फाटा जास्त रुंद असतो. काहींमध्ये डावा अगदी बारीक असतो आणि त्यांचे काही बिघडत नाही.

या वाहिन्या साध्या शिरांसारख्या नसतात. मेंदूवर जे जाड आवरण आहे त्याच्या दोन पदरांमधली ही पोकळी आहे. तिच्या भिंतीत स्नायू नाहीत आणि आत झडपाही नाहीत. म्हणून तिला शीर न म्हणता ‘सायनस’ म्हणतात. सर्दीत दुखणारे नाकाजवळचे सायनस वेगळे. ते हवेचे, हे रक्ताचे. लॅटिनमध्ये ‘सायनस’ म्हणजे खोळ, कपड्याची घडी. आजच्या अरबीत दोन्हींना ‘जैब’ म्हणतात, तीच आपली उर्दूतली ‘जेब’. या जेबचीही एक गंमत आहे. गणितातला ‘साइन’ मूळचा संस्कृत ‘ज्या’ किंवा ‘जीवा’. अरबीत त्याचे ‘जीब’ झाले. स्वर न लिहिण्याच्या पद्धतीमुळे ते ‘जैब’ असे वाचले गेले आणि बाराव्या शतकातल्या लॅटिन भाषांतरकारांनी त्याचे सरळ ‘सायनस’ करून टाकले. नववीच्या वर्गात त्रिकोणमिती शिकवताना हे सांगितले की मुले आपापल्या खिशाकडे बघतात.

आता हेरोफिलसकडे येऊ. हा कॅल्सिडॉनचा, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या आशियाई काठावरच्या कादिकोय भागाचा. काळ इसवी सनापूर्वी तिसरे शतक, कर्मभूमी इजिप्तमधले अलेक्झांड्रिया. तिथल्या टॉलेमी राजांच्या आश्रयाखाली काही वर्षे माणसाच्या शरीराचे उघड विच्छेदन झाले. त्याआधी ग्रीकांत ते झाल्याचे दिसत नाही आणि नंतरही शतकानुशतके झाले नाही. तुरुंगातल्या गुन्हेगारांना जिवंतपणी चिरले गेले असा आरोपही सेल्सस या रोमन लेखकाने नोंदवून ठेवला आहे. हेरोफिलसने मेंदूला बुद्धीचे स्थान मानले, नसा आणि रक्तवाहिन्या वेगळ्या ओळखल्या आणि शरीराच्या भागांना घरगुती वस्तूंची नावे दिली. जठरानंतरच्या आतड्याची लांबी बारा बोटे, म्हणून नाव ‘बारा बोटांचे’. अरबीत त्याचे भाषांतर झाले ‘इस्ना अशरी’. आमच्या तिब्बिया कॉलेजातल्या मुलांना आतड्याचे हे नाव पहिल्यांदा ऐकून हसू येते, कारण त्यांना ‘इस्ना अशरी’ शियांचा पंथ म्हणून माहीत असतो.

रक्ताच्या वाटा मिळतात त्या जागेला हेरोफिलसने नाव दिले ‘लेनोस’. ग्रीकमध्ये लेनोस म्हणजे हौद, द्रोणी. विशेषतः ज्यात द्राक्षे टाकून पायांनी तुडवत आणि ज्यातून रस वाहून जाई तो हौद. अर्थात हौद आणि घाणा हे दोन्ही अर्थ शब्दात आधीपासूनच होते. जागा डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाच्या मनात कोणता अर्थ असावा? मला हौदच वाटतो. पण त्याची पुस्तके नष्ट झाली. हे नाव आपल्यापर्यंत आले ते त्याच्यानंतर साडेचारशे वर्षांनी लिहिणाऱ्या गेलनमुळे. उर्दूतला हा जालीनूस.

जालीनूसचा जन्म पर्गामोनचा, इ.स. १२९ चा. माणसाच्या प्रेताचे विच्छेदन त्याला करता आले नाही. त्याने माकडे, डुकरे आणि बैल चिरले. मेंदू कसा उघडावा हे त्याने बैलाच्या मेंदूवरून शिकवले आहे. हात कुशल, निरीक्षण बारीक, पण डोक्यात एक पक्के गृहीतक बसलेले. त्याच्या मते रक्त यकृतात तयार होते आणि शिरांतून सगळ्या अवयवांकडे जाते, पाटाचे पाणी वाफ्यांत जावे तसे. जे गेले ते तिथेच जिरते. या हिशोबाने मेंदूभोवतीच्या शिराही मेंदूला रक्त देणाऱ्या ठरल्या. लेनोस हा त्यांचा हौद, आणि तिथून पुढे निघणाऱ्या वाहिन्या म्हणजे पाट. वाटा त्याने बरोबर पाहिल्या, संगम बरोबर पाहिला, पण वाहण्याची दिशा नेमकी उलटी सांगितली.

विच्छेदन कसे करावे यावर जालीनूसने पंधरा भागांचा मोठा ग्रंथ लिहिला. त्याची मूळ ग्रीक प्रत आज नवव्या भागात मध्येच तुटते, आणि हा नववा भाग मेंदूचा आहे. तिथून पंधराव्या भागापर्यंतचा मजकूर जगात फक्त अरबी भाषांतरात उरला आहे. हे काम नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इस्हाक आणि त्याचा भाचा हुबैश यांच्या भाषांतरशाळेतून झाले. हुनैन हीराचा अरब ख्रिस्ती, जन्म ८०९, मृत्यू ८७३. जालीनूसच्या एकशे एकोणतीस कृतींची यादी त्याने स्वतः करून ठेवली आहे. कोणत्या पुस्तकाची प्रत कुठे मिळाली, आधीचे सुरयानी भाषांतर कसे होते, आपण कोणासाठी केले, हे सगळे त्यात आहे. एका पुस्तकाच्या अनेक हस्तलिखित प्रती मिळवायच्या, ताडून पाहायच्या आणि मगच भाषांतराला हात घालायचा, ही त्याची पद्धत होती. जर्मनीत माक्स सिमोनने हा अरबी मजकूर १९०६ मध्ये छापला, आणि इंग्रजी वाचकाला हे भाग १९६२ मध्ये मिळाले, तेही अरबीवरून. जालीनूसने बैलाचा मेंदू पुढे कसा उलगडला हे वाचायचे तर युरोपला आजही बगदादचे दार ठोठवावे लागते. आपल्याकडे वक्ते ‘मुसलमानांनी युरोपला विज्ञान दिले’ असे एका दमात म्हणतात. त्यांनी हे एकच उदाहरण नावांसकट सांगितले तर जास्त असर होईल, आणि या कामाचा प्रमुख ख्रिस्ती होता हेही न लपवता सांगावे.

अरबीत लेनोसचे झाले ‘मअसरा’. धातू ऐन, स्वाद, रे, म्हणजे पिळणे. युनानी औषधांतला ‘उसारा’, वनस्पतीचा पिळून काढलेला अर्क, याच घरातला. सूरह यूसुफमधला कैदी स्वप्नात जे करतो, तेही क्रियापद हेच. म्हणजे अरबीत आल्यावर शब्दातला हौद मागे पडला आणि घाणा पुढे आला. इब्न सीनाच्या ‘अल-कानून’मध्ये मेंदूच्या वर्णनात हाच मअसरा आहे. बाराव्या शतकात टोलेडोला जेरार्ड ऑफ क्रेमोनाने कानूनचे लॅटिन भाषांतर केले आणि मअसराचे ‘टॉर्क्युलर’ झाले. तो शब्द तर निखळ घाण्याचा. हौदाची आठवण लॅटिनमध्ये उरलीच नाही.

या नावापेक्षाही मला त्याच्याभोवतीच्या आवरणांच्या नावांचे जास्त अप्रूप आहे. ज्या जाड पडद्याच्या पदरांत हे सायनस आहेत त्याला जगभरचे डॉक्टर ‘ड्युरा मेटर’ म्हणतात, आणि मेंदूला अगदी चिकटलेल्या नाजूक पापुद्र्याला ‘पाया मेटर’. मेटर म्हणजे आई. कठीण आई आणि मायाळू आई! ग्रीकांना यात आई दिसली नव्हती. त्यांचे शब्द होते ‘जाड पडदा’ आणि ‘पातळ पडदा’. आई आणली ती अरबीने. जी वस्तू दुसरीला पोटाशी धरते, सांभाळते, तिला ‘उम्म’ म्हणण्याची अरबीची जुनी खोड आहे. उम्मुल कुरा, उम्मुल किताब हे शब्द आपल्या ओळखीचेच आहेत. तशी मेंदूची आवरणे झाली ‘उम्मे जाफिया’ आणि ‘उम्मे रकीक’. दहाव्या शतकात अली इब्न अब्बास अल-मजूसी याने बुवैही सुलतान अदुदुद्दौलाला अर्पण केलेला वैद्यकाचा मोठा ग्रंथ लिहिला. नावावरून त्याचे घराणे पारशी धर्मातले दिसते. या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर स्टीफन ऑफ अँटिओक याने ११२७ मध्ये केले, आणि ‘ड्युरा’ व ‘पाया’ या आयांचे श्रेय सहसा त्यालाच देतात.

रकीक म्हणजे पातळ. पण आपण ‘रकीकुल कल्ब’ म्हणतो तेव्हा माणूस पातळ काळजाचा नसतो, हळव्या काळजाचा असतो. भाषांतरकाराच्या कानाने हा दुसरा अर्थ पकडला असावा, म्हणून ‘पाया’, ममताळू, श्रद्धाळू. आता पुढचे पाहा. आजच्या अरबी वैद्यकात या पापुद्र्याला ‘उम्मे हनून’ म्हणतात, मायाळू आई. रकीक लॅटिनमध्ये जाऊन पाया झाली आणि घरी परतताना हनून होऊन आली. माहेरी परतलेल्या मुलीला कोणी ओळखले नाही, असा प्रकार.

मराठीने संस्कृतचा आधार घेऊन दृढतानिका आणि मृदुतानिका हे शब्द केले. चांगले, नेमके शब्द आहेत, पण त्यांतून आई गेली. उर्दूत ती राहिली. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने कानूनचे उर्दू भाषांतर छापले. हैदराबादेत १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकही उर्दूतून शिकवले जाई आणि तिथल्या दारुल तर्जुमाने शास्त्रांच्या परिभाषा तयार केल्या. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता, म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणीच्या मुलांपुढे आधुनिक शरीरशास्त्र याच शब्दांतून जाण्याची वाट होती. मालेगाव, पुणे, मुंबईच्या युनानी कॉलेजांत ‘तशरीहुल बदन’ या विषयाला आजही उम्मे जाफिया भेटते.

इतके सांगून झाल्यावर उलटी बाजूही सांगितली पाहिजे, कारण आपल्या तकरिरींत ती गाळली जाते. मेंदूतले रक्त कोणत्या दिशेने वाहते हे इब्न सीनाला कळले नव्हते. जालीनूसची उलटी दिशा त्याने तशीच घेतली. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे ‘अद्भुत जाळे’ असते हेही त्याने जालीनूसवरून लिहिले. ते जाळे बैलात, मेंढीत असते, माणसात नसते. जालीनूसला तपासून पाहणारी माणसे आपल्या परंपरेत होऊन गेली. अब्दुल लतीफ बगदादीने इजिप्तच्या १२०० ते १२०२ च्या दुष्काळात मेलेल्यांच्या हाडांचे ढीग पाहिले आणि खालचा जबडा एकच हाड आहे, जालीनूस म्हणतो तशी दोन नाहीत, असे स्वच्छ लिहिले. कैरोच्या इब्न नफीसने तेराव्या शतकात कानूनच्या शरीररचनेवर टीका लिहिताना सांगितले की हृदयाच्या मधल्या पडद्याला भोके नाहीत, रक्त उजवीकडून डावीकडे फुफ्फुसांतूनच जाते. हे लिखाण १९२४ मध्ये जर्मनीत शिकणाऱ्या एका इजिप्शियन डॉक्टरच्या नजरेस पडेपर्यंत आधुनिक जग त्याला विसरले होते. पण इब्न नफीसचा शोध फुफ्फुसांपुरता आहे. ‘हार्वेच्या चारशे वर्षे आधी आपण रक्ताभिसरण शोधले’ हे वाक्य वक्तृत्व स्पर्धेत दरवर्षी ऐकू येते. ते तसेच सोडून दिले तर इब्न नफीसने जे खरोखर केले तेही मुलांना नीट कळत नाही.

युरोपातही घाई झाली नाही. पाडुआच्या वेसेलियसने १५३७ मध्ये राझीच्या नवव्या पुस्तकावर लिहिले आणि १५४३ मध्ये माणसाचे शरीर स्वतः उघडून आपला मोठा सचित्र ग्रंथ काढला. माणसात ते अद्भुत जाळे नाही हे त्याने ठासून सांगितले. कवटीतले सायनस त्याने क्रमांक देऊन, सुंदर चित्रांसह मांडले. पण प्रवाहाची दिशा त्यालाही सुचली नाही. कारण उघड आहे. प्रेतातले रक्त वाहत नाही, आणि या सायनसांत झडपाही नाहीत. हाताच्या शिरेत झडप असते, तिच्यावरून रक्त कुठे जाऊ शकते आणि कुठे नाही हे समजते. इथे भिंत गुळगुळीत. रिकाम्या बोगद्याकडे पाहून गाडी कोणत्या बाजूने येते हे कसे सांगणार?

उत्तर मानेत होते. विल्यम हार्वे पाडुआत ज्यांच्याकडे शिकला त्या फॅब्रिशियसने १६०३ मध्ये शिरांतल्या झडपांवर पुस्तक काढले. गुरूला वाटले, रक्त एकदम खाली पायांत साचू नये म्हणून या झडपा असाव्यात. १६२८ च्या आपल्या ग्रंथात हार्वेने यावर साधी हरकत घेतली. तसे असेल तर मानेतल्या शिरांच्या झडपा उलट्या का? त्या रक्ताला खाली येऊ देतात आणि वर चढू देत नाहीत. म्हणजे शिरांतले रक्त मेंदूकडे जातच नाही, मेंदूकडून हृदयाकडे येते. या एका निरीक्षणाने हेरोफिलसचा हौद, जालीनूसचे पाट, इब्न सीनाचा मअसरा हे सगळे जागच्या जागी राहिले आणि त्यांच्यातला प्रवाह फिरला. पोट भरणारी वाट निचऱ्याची वाट ठरली. मला या सगळ्या इतिहासात हाच प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. नवा अवयव सापडला नाही, नवे यंत्र लागले नाही. आधीच माहीत असलेल्या झडपांना योग्य प्रश्न विचारला गेला.

दिशा कळल्यानंतरच या वाटा तुंबल्या तर काय होते हे समजणे शक्य झाले. निचरा अडला की मागे रक्त साचते, मेंदू सुजतो, कधी बारीक शिरा फुटतात. डोके असह्य दुखते, उलट्या होतात, दिसायला अंधूक होते, झटके येतात. १८२५ मध्ये रीब या फ्रेंच डॉक्टरने डोक्याच्या मधल्या सायनसमध्ये रक्ताची गुठळी झालेल्या एका रुग्णाची हकीकत लिहिली. पुढे कळले की बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत स्त्रियांना याचा धोका वाढतो, कारण त्या काळात रक्त गोठण्याची प्रवृत्तीच वाढलेली असते. त्यात पंडुरोग, जंतुसंसर्ग, अंगातले पाणी कमी होणे यांची भर पडते. भारतातल्या डॉक्टरांना हा आजार बाळंतिणींमुळे फार पूर्वीपासून परिचित आहे. आपल्या घरांत चाळीस दिवसांच्या बाळंतिणीला पाणी बेताने द्यावे अशी रीत अजून काही ठिकाणी चालते. ती डोके दुखते म्हणाली तर ‘जागरणाने असेल’ किंवा ‘नजर लागली असेल’ म्हणून फुंकर मारून घेतली जाते. बहुतेक वेळा ते जागरणच असते. पण दुखणे वाढत गेले, दिसण्यात फरक पडला, झटका आला, तर एक दिवसही थांबू नये. उपचार आहेत. मेंदूत थोडा रक्तस्राव दिसत असला तरी रक्त पातळ करणारे हेपॅरिन द्यावे, हे ऐकायला उलटे वाटते, पण १९९१ मध्ये जर्मनीतल्या चाचणीने त्याच्या बाजूने कौल दिला आणि आज ते रूढ आहे.

२०२१ मध्ये कोरोनाच्या काही लसींनंतर अतिशय क्वचित होणाऱ्या गुठळ्यांच्या बातम्या आल्या, तेव्हा त्यांतही याच सायनसांचे नाव होते. व्हॉट्सॲपवर तेव्हा त्याचे नाकाच्या सायनसशी लग्न लावून भलभलत्या सूचना फिरत होत्या.

१८९५ मध्ये बासेलला शरीरशास्त्रज्ञांनी नावांची अधिकृत यादी केली. माणसांची नावे शरीराच्या भागांना ठेवायची नाहीत असे ठरले आणि हेरोफिलस गेला. त्या जागेला मिळाले साधे वर्णनाचे नाव, ‘सायनसांचा संगम’. कठीण आई आणि मायाळू आई यादीत कायम राहिल्या. घाणाही पुरता गेलेला नाही. कवटीच्या मागच्या भागाची शस्त्रक्रिया करणारे सर्जन हाड कापताना या जागेला जपतात, कारण सायनस फाटला तर रक्त आवरत नाही, आणि ते तिला ‘टॉर्क्युला’च म्हणतात. मेंदूच्या शिरांच्या एमआर तपासणीच्या रिपोर्टातही हा शब्द असतो. रेडिऑलॉजिस्ट तो टाइप करतो आणि पुढे लिहितो, प्रवाह सुरळीत आहे.